सागरी उष्ण लाट आणि खाडीतले प्लवक: ठाणे खाडीत नमुने घेण्याची नीट पद्धत

समुद्र तापला की खाडीतल्या प्लवकांचं (पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक वनस्पती आणि प्राण्यांचं) काय होतं, हा प्रश्न घेऊन दरवर्षी मुंबईतल्या कॉलेजांतून बरेच प्रकल्प निघतात. त्यातले बहुतेक एकाच जागी फसतात. मार्चमध्ये एक नमुना, मेमध्ये दुसरा, मधल्या काळात तापमान चार अंशांनी वाढलेलं, कोपेपॉड (प्लवकांतले बारीक कवचधारी प्राणी) कमी झालेले, आणि निष्कर्ष असा की उष्णतेने कोपेपॉड मेले. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत भरतीची वेळ वेगळी होती, गाळ वेगळा होता, क्षारता वेगळी होती आणि जाळीही निम्मी तुंबलेली होती. तापमानाचा परिणाम असेलही, पण त्या आकड्यांतून तो दिसत नाही.

ही पद्धत ठाणे खाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. माहीम, मालाड, वसई या खाड्यांनाही ती थोड्या फरकाने चालेल. चिलिकासारख्या सरोवराला मात्र जशीच्या तशी लावू नका. तिथे मुंबईसारखी चार-साडेचार मीटरची उधाणाची भरती येत नाही आणि खालच्या बऱ्याच पायऱ्या तर भरतीभोवतीच रचलेल्या आहेत.

टप्पा १: उष्ण लाट कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

हवेतली उष्ण लाट आणि समुद्रातली उष्ण लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामान खातं किनारपट्टीसाठी कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त गेलं की उष्ण लाट म्हणतं. मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि मुंबई भाजून निघते. त्या दिवशी समुद्राचं पाणी अगदी नेहमीसारखं असू शकतं. वर्तमानपत्रातली उष्णतेची बातमी वाचून नमुने घ्यायला निघू नका.

सागरी उष्ण लाटेची रूढ व्याख्या अशी: त्या जागेच्या, त्या तारखेच्या तीस वर्षांच्या नोंदींतल्या ९० व्या शतमकाच्या (१०० पैकी ९० नोंदी जिच्या खाली येतात त्या पातळीच्या) वर पृष्ठभागाचं तापमान सलग किमान ५ दिवस राहिलं पाहिजे. मध्ये दोन किंवा कमी दिवसांचा खंड पडला तर दोन्ही बाजू मिळून एकच घटना धरतात.

ही मर्यादा, म्हणजे ९० व्या शतमकाची रेषा, काढण्याचा क्रम:

१. खाडीसाठी तीस वर्षांची रोजची नोंद हाताशी नसते. म्हणून खुल्या समुद्राची उपग्रहाधारित रोजची नोंद घ्या. अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींची, ओआयएसएसटी नावाची पृष्ठभाग-तापमानाची नोंद १९८१ पासूनची मोफत मिळते.
२. चौकट पूर्ण पाण्यातली निवडा. १८.८७५ उत्तर, ७२.३७५ पूर्व ही चौकट मुंबईच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर येते, ती चालेल. किनाऱ्याला चिकटलेली चौकट घेऊ नका. पाव अंश म्हणजे २७-२८ किलोमीटर, त्यात अख्खी ठाणे खाडी मावून जाते.
३. १९९१ ते २०२० हा पाया, म्हणजे तुलनेचा काळ, धरा. प्रत्येक तारखेसाठी मागचे ५, पुढचे ५ आणि तो दिवस असे ११ दिवस, गुणिले ३० वर्षं, म्हणजे ३३० आकडे मिळतात. त्यांची सरासरी आणि ९० वं शतमक काढा. दोन्ही रेषा ३१ दिवसांच्या चालत्या सरासरीने गुळगुळीत करा.
४. सरासरी ते मर्यादा हे अंतर एक माप धरा. तापमान सरासरीपेक्षा एक ते दोन मापं वर असेल तर लाट मध्यम, दोन ते तीन तीव्र, तीन ते चार अतितीव्र, त्यापुढे टोकाची.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सागरी उष्ण लाटांची माहिती प्रसिद्ध करते. तिच्याशी आपला हिशेब ताडून बघा, पण हिशेब स्वतः करा. पाया बदलला की मर्यादा बदलते आणि अहवालात पाया लिहावाच लागतो.

सावधान: मर्यादा ऋतूनुसार बदलते, त्यामुळे जानेवारीतही उष्ण लाट येऊ शकते. जानेवारीत पाणी २७ अंशांवर गेलं तर कागदावर ती लाट ठरू शकेल, पण खाडीतल्या जिवांना २७ अंश नवे नाहीत. तेवढाच फरक मेमध्ये, पाणी आधीच ३० च्या आसपास असताना पडला तर गोष्ट वेगळी. म्हणून नेहमी दोन आकडे लिहा: प्रत्यक्ष तापमान आणि सरासरीपासूनचा फरक.

टप्पा २: परवानगी आणि जागा

ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीतही आहे. अभयारण्यात पाण्याची बाटलीसुद्धा भरायची तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते. अर्जात जागा, तारखा, जाळीचा प्रकार आणि नमुन्यांची संख्या स्पष्ट लिहा. पत्र हातात येईपर्यंत होडी ठरवू नका.

जागा किमान तीन हव्यात: खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेजवळ, मध्यावर वाशी पुलाच्या आसपास आणि आत ऐरोलीकडे. तोंडाशी समुद्राचा प्रभाव जास्त, आत सांडपाण्याचा. तिन्हीकडे एकाच वेळी, एकाच दिशेने बदल दिसला तर तो समुद्राकडून आला असण्याची शक्यता वाढते. फक्त ऐरोलीला दिसला तर आधी नाल्यांकडे बघा.

वीजकेंद्राचं किंवा कारखान्याचं गरम पाणी जिथे सुटतं, तिथून लांब राहा. तिथलं तापमान सागरी उष्ण लाटेबद्दल काहीच सांगत नाही.

टप्पा ३: तिथी धरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, अष्टमीच्या सुमारास सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला १० × ०.७५ म्हणजे साडेसात. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

आता अडचण बघा. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता नमुना घेतला तर एका सोमवारी भरती असते, पुढच्या सोमवारी ओहोटी. भरतीला खाडीत समुद्राचं पाणी असतं, ओहोटीला आतलं. दोन्हींतले प्लवक वेगळे, क्षारता वेगळी, तापमानही वेगळं. उघड्या पडलेल्या चिखलाला दुपारी ऊन लागतं आणि तो चिखल वरून येणाऱ्या पाण्याला तापवतो. घड्याळ धरलं की भरती सुटते. भरती धरून रोज गेलं तर घड्याळ सुटतं, आणि प्राणी प्लवकांना घड्याळ महत्त्वाचं असतं, कारण उन्हात त्यांतले बरेच तळाकडे जातात.

तिथी धरली की दोन्ही सांभाळलं जातं. आमची शिफारस दोन्ही पक्षांतल्या दशमीची, सकाळच्या पूर्ण भरतीची. कारणं तीन. भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी उंचीची) भरती असल्याने प्रवाह मंद असतो आणि गाळ कमी ढवळतो. सकाळची वेळ असल्याने पाणी उन्हाने तापलेलं नसतं. आणि रात्रभर श्वसन झाल्यावर प्राणवायू जितका कमी होतो, ती पातळी अजून बऱ्यापैकी दिसते. उधाणाला गेलात तर चहासारखं गढूळ पाणी आणि तुंबलेली जाळी घेऊन परत याल.

पाऊणपट हा अंदाज झाला. प्रत्यक्ष वेळ अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. खाडीत आत भरती उशिरा पोचते, म्हणून तिन्ही जागी खुणेची काठी रोवून एकदा उशीर मोजा. नमुने तोंडाकडून आत या क्रमानेच घ्या, होडी भरतीच्या मागोमाग जाते आणि तिन्ही जागी पाणी साधारण थबकलेलं मिळतं. उलट क्रमाने गेलात तर तिसऱ्या जागेवर ओहोटी लागलेली असेल.

लाट सुरू झाली की दर दोन-तीन दिवसांनी जादा नमुने घ्या, कारण पाच-सात दिवसांची लाट दोन दशमींच्या मध्ये येऊन निघूनही जाईल. पण हे जादा नमुने फक्त बदलाचा चढउतार बघण्यासाठी. तुलना दशमीशी दशमीचीच.

तपासा: पुढच्या सहा महिन्यांच्या दशम्या आणि भरतीच्या वेळा एका कागदावर लिहून होडीवाल्याला आधीच दिल्या आहेत का? मासेमारीच्या हंगामात आयत्या वेळी होडी मिळत नाही.

टप्पा ४: तापमान सलग मोजा

नमुन्याच्या वेळी बुडवलेला थर्मामीटर लाट पकडू शकत नाही. प्रत्येक जागी तापमान नोंदवणारा लॉगर हवा, दर १५ मिनिटांनी एक नोंद.

१. लावण्याआधी सगळे लॉगर एकत्र बर्फ-पाण्याच्या काल्यात ठेवा. शून्य दाखवायला हवं. मग बादलीत २०, २५, ३० आणि ३५ अंशांच्या आसपास, पाणी ढवळत, खात्रीच्या थर्मामीटरशी ताडा. आपल्याला एखाद्या अंशाचा फरक शोधायचा आहे, त्यामुळे ०.२ च्या वर चूक असलेला लॉगर बाजूला काढा.
२. पांढऱ्या पीव्हीसी नळीला भोकं पाडून लॉगर आत बसवा. काळी नळी उन्हात तापते.
३. खांबाला घट्ट बांधू नका. एवढ्या भरतीत तो कधी चार मीटर खोल, कधी हवेत. तरंगत्या धक्क्याला किंवा बोयाला, पृष्ठभागाखाली एक मीटरवर लटकवा.
४. दर दशमीला काढून पुसा. पंधरा दिवसांत त्यावर शेवाळ आणि बार्नेकल बसतात आणि नोंद आळसावते.

दिवसाची सरासरी २४ तासांची काढू नका. भरतीची दोन चक्रं २४ तास ५० मिनिटांची असतात, तेवढ्या वेळाची चालती सरासरी घ्या. नाहीतर उधाण-भांगाचा पंधरवड्याचा हेलकावा तापमानात घुसतो आणि लाटेसारखा दिसतो.

टप्पा ५: होडीवरचा क्रम

क्रम बदलू नका. आधी पाणी, शेवटी जाळी. जाळी ओढल्यावर पाणी ढवळतं आणि मग घेतलेल्या प्राणवायूच्या बाटलीला अर्थ उरत नाही.

१. तापमान आणि क्षारता, पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळाच्या एक मीटर वर. हातातला रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता दाखवणारं छोटं उपकरण) एका एककाहून बारीक फरक सांगत नाही, शक्य असेल तर वाहकता-मापक वापरा.
२. विद्राव्य प्राणवायू. बाटलीत बुडबुडा न ठेवता भरा आणि विंकलर पद्धतीची (प्राणवायू मोजण्याच्या रासायनिक पद्धतीची) दोन्ही रसायनं होडीवरच टाका. आकडा मिलिग्रॅममध्ये आणि संपृक्ततेच्या टक्क्यांतही लिहा. ३५ क्षारतेच्या पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.७५ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. एवढी घट नुसत्या भौतिकशास्त्राची आहे, तिचा दोष प्लवकांवर टाकू नका.
३. क्लोरोफिलसाठी एक लिटर पाणी काळ्या किंवा फॉइल गुंडाळलेल्या बाटलीत, बर्फपेटीत.
४. वनस्पती प्लवकांसाठी २५० मिलिलिटर न गाळलेलं पाणी, त्यात लगेच लुगॉलचं द्रावण (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण).
५. बादलीने मोजून ५० लिटर पाणी ६० मायक्रॉनच्या जाळीतून.
६. शेवटी २०० मायक्रॉनची जाळी होडीमागे.

लुगॉल घरचं करायचं तर पोटॅशियम आयोडाइड २० ग्रॅम आणि आयोडीन १० ग्रॅम २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि २० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल घाला. १०० मिलिलिटर नमुन्याला सुमारे १ मिलिलिटर पुरतं, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसायला हवा. खाडीच्या गाळाने आयोडीन लवकर शोषलं जातं. दर काही दिवसांनी बाटली बघा आणि रंग उडाला असेल तर थेंब वाढवा.

दोन जाळ्या का, हे नीट समजून घ्या, कारण निष्कर्ष यावरच फिरतो. उष्णतेत लहान आकाराच्या जातींचा वाटा वाढतो का, हा या विषयातला कळीचा प्रश्न. ऑइथोनासारखे बारीक कोपेपॉड आणि सगळ्यांची नॉप्लियस पिल्लं २०० मायक्रॉनमधून सरळ निसटतात. नुसती मोठी जाळी वापरली तर लहान जाती वाढल्या तरी तुमच्या बरणीत प्राणी प्लवक कमी झाल्यासारखेच दिसतील.

टप्पा ६: जाळी तुंबणं

३० सेंटिमीटर तोंडाची जाळी धरू. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर. पाण्याच्या तुलनेत अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने दोन मिनिटं ओढली तर ६० मीटर, म्हणजे ४.२ घनमीटर पाणी गाळलं असं आपण मानतो. गाळाने ती तुंबली आणि प्रत्यक्षात ३६ मीटरइतकंच पाणी आत गेलं, तर ते २.५ घनमीटर झालं. बरणीत ५,००० कोपेपॉड आले असतील तर खरी घनता २,००० प्रति घनमीटर, आणि तुमच्या वहीत १,२०० च्याही खाली. ४० टक्के घट, आणि एकही कोपेपॉड मेलेला नाही.

उपाय: जाळीच्या तोंडात प्रवाहमापक लावा, दुसरा तोंडाबाहेर. आतलं वाचन बाहेरच्याच्या ८५ टक्क्यांखाली गेलं तर तो नमुना रद्द करून जाळी कमी वेळ पुन्हा ओढा. ठाणे खाडीत दोन मिनिटंच बस, दहा मिनिटं ओढण्याचा हट्ट नको. जाळी घेताना गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या निदान पाचपट असलेली लांब जाळी मागा.

ओढून झाल्यावर जाळी बाहेरून पाणी मारून धुवा. तोंडातून पाणी ओतलंत तर न मोजलेले प्लवक बरणीत जातात. जेलीफिश आणि कंगवा-जेली आधी वेगळ्या काढून मोजा, नाहीतर बाकीचा नमुना त्यांच्या चिकात अडकतो. जवळा आला तर तोही वेगळा मोजा. तो या जाळीला चुकवण्याइतका चपळ आहे, त्यामुळे त्याची संख्या फक्त नोंदीपुरती.

नमुना ४५० मिलिलिटर आणि बाजारातलं तीव्र फॉर्मेलिन ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. फॉर्मेलिनच्या प्रत्येक लिटरला आधी २० ग्रॅम बोरॅक्स घालून ठेवा, नाहीतर आम्लाने शिंपल्यांच्या अळ्यांची कवचं विरघळतात. बरणीत जीव पाव भागाहून जास्त नकोत, कुजतात. लेबल पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका. फॉर्मेलिन उघड्या होडीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, हातमोजे घालूनच हाताळा.

टप्पा ७: प्रयोगशाळेत

क्लोरोफिल: ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू गाळणीतून, मंद उजेडात, पाणी गाळा. खाडीचं पाणी १०० ते २५० मिलिलिटरमध्येच गाळणी तुंबवतं, तिथेच थांबा आणि किती गाळलं ते लिहा. ९० टक्के ॲसिटोनमध्ये थंड अंधारात २४ तास, मग ६६४, ६४७, ६३० आणि ७५० नॅनोमीटरला वाचन. ७५० चं वाचन बाकीच्यांतून वजा करा. गढूळ खाडीत ही वजाबाकी विसरलात तर गाळालाच क्लोरोफिल म्हणाल. मग ११.८५ × ६६४ चं वाचन, वजा १.५४ × ६४७ चं, वजा ०.०८ × ६३० चं. उत्तराला ॲसिटोनच्या मिलिलिटरने गुणा, गाळलेल्या लिटरने आणि क्युव्हेटच्या (वाचनासाठीच्या काचपात्राच्या) सेंटिमीटरने भागा.

पेशीतलं क्लोरोफिल उजेड, तापमान आणि पोषकद्रव्यांनुसार बदलतं. म्हणून क्लोरोफिल घटलं की जैवभार घटला असं लिहू नका, पेशी मोजा.

मोजणी: सेजविक-राफ्टरच्या काचेवर (पेशी मोजायच्या खाचेच्या काचपट्टीवर) १ मिलिलिटर मावतं. चूक अंदाजे २ भागिले मोजलेल्या पेशींचं वर्गमूळ: १०० पेशींना २० टक्के, ४०० पेशींना १० टक्के. मुख्य जातीच्या ४०० पेशी होईपर्यंत उठू नका. गाळ जास्त असेल तर नमुना पातळ करा आणि रंगद्रव्य दिसणाऱ्या पेशीच मोजा, डायटमची (काचेसारखं कवच असलेल्या वनस्पती प्लवकांची) रिकामी कवचं नकोत. ती प्रवाहाने तळातून वर आलेली असतात.

टप्पा ८: आकडे वाचताना

तापमान आणि प्लवकसंख्या यांचा सरळ सहसंबंध काढू नका. फेब्रुवारी ते मे दोन्ही ऋतूनेच बदलतात, सहसंबंध मिळणारच. प्रत्येक आकड्यातून त्या महिन्याच्या दशमींची सरासरी वजा करा आणि उरलेल्या फरकांची तुलना करा. याला किमान दोन वर्षांची लाटेविनाची नोंद लागते. एका वर्षाच्या प्रकल्पात ती नसते, मग निष्कर्षही तेवढाच छोटा ठेवा.

एकाच होडीतून, एकाच जागी ओढलेल्या तीन जाळ्या म्हणजे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. त्या एका नमुन्याच्या तीन नकला आहेत, त्यांची सरासरी घेऊन एकच आकडा धरा.

परिणाम उशिरा दिसतो हेही लक्षात ठेवा. डायटम दिवसात एकदा किंवा जास्त वेळा विभागतात, त्यांच्यात बदल काही दिवसांत येतो. अकार्टियासारख्या कोपेपॉडला या तापमानात अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, म्हणून त्यांच्यासाठी लाटेनंतरची दशमी लाटेतल्या दशमीपेक्षा जास्त बोलकी.

खुल्या समुद्राचे निष्कर्ष खाडीला चिकटवण्याचा मोह टाळा. तिथे पृष्ठभाग तापला की पाण्याचे थर पक्के होतात, खालची पोषकद्रव्यं वर येईनाशी होतात आणि मोठे डायटम मागे पडतात. ठाणे खाडी उथळ आहे, भरती ती रोज ढवळते आणि सांडपाण्यामुळे नायट्रोजन-फॉस्फरसची इथे वानवा नाही, उलट गढूळपणामुळे उजेडच कमी पडतो. त्यामुळे इथे पहिला संशय प्राणवायूवर घ्या. कोमट पाण्यात तो कमी मावतो आणि सेंद्रिय घाण वेगाने कुजते, तो वापरलाही जास्त जातो.

जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर कधीतरी नॉक्टिल्युका या प्लवकाची निळी चमक दिसते, तीही उष्ण लाटेच्या खात्यावर टाकू नका. उत्तर अरबी समुद्रातली हिरवी नॉक्टिल्युका तर हिवाळ्यात, पृष्ठभाग गार होऊन पाणी ढवळतं तेव्हा फुलते.

अहवालात प्रत्येक नमुन्यापुढे हे रकाने असू द्या: तिथी, भरतीपासूनची मिनिटं, क्षारता, गाळाचं प्रमाण, मागच्या तीन दिवसांचा पाऊस, जाळीची गाळण-कार्यक्षमता, खाडीचं २४ तास ५० मिनिटांचं सरासरी तापमान, खुल्या समुद्रातला फरक. जून लागला आणि क्षारता कोसळली की ते नमुने वेगळ्या तक्त्यात ठेवा. पावसाच्या पाण्यात समुद्री कोपेपॉड मागे हटून ब्रॅकिओनससारखे रोटिफर (आणखी एका गटाचे सूक्ष्म प्राणी) पुढे येतात, आणि तो बदल एवढा मोठा असतो की तापमानाचा कोणताही परिणाम त्याखाली झाकला जातो.